दारमाजींची खुर्ची

“ह्यातली त्यांची खुर्ची कुठली?” बू वेनिंगने दारातूनच विचारलं. पन्नाशीची बाई, हातात खोकं, खोक्यात अर्धवट जुळवलेलं लाकडी गलबत.

खोलीतले तिघेही चिमटे हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

“माझे यजमान. दारमाजी. दर शनिवारी इथे यायचे ना,” ती म्हणाली. “ईदच्या आधी गेले हो.”

इंडोनेशियातल्या सेमारांग शहरातल्या, छोटी मॉडेलं जुळवणाऱ्यांच्या त्या मंडळात दारमाजी नावाचा माणूस कधीच आलेला नव्हता. हेल्मेटं रंगवून पोट भरणारा तेगार “कोण दार...” एवढंच म्हणाला आणि टेबलाखालून त्याला को आफुकची लाथ बसली. खालचं नूडल्सचं दुकान आफुकचं, वरची ही खोलीही त्याचीच, त्यामुळे लाथ मारायचा हक्कही त्याचाच.

मंडळाचे प्रमुख पाक गुनादी. निवृत्त दंतवैद्य. लोकांना “अजिबात दुखणार नाही” असं सांगण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीवरचा पंखा उचलून जमिनीवर ठेवला.

“ही,” ते म्हणाले. “बसा.”

ती बसली. खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवले. मग डोळे पुसले.

जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: नवे सभासद घेतले जात नाहीत. एका नवख्याने कॉफीच्या किटलीत थिनर ओतला होता, तेव्हापासूनची. पाटीवरच खाली एक अपवादही लिहिलेला, दिवंगत सभासदाच्या घरच्यांचा. गेलेल्याचं अर्धं राहिलेलं मॉडेल सगळ्यांनी मिळून पुरं करायचं आणि त्याची खुर्ची घरच्यांना द्यायची, हा मंडळाचा रिवाज.

गुनादींनी भिंगातून गलबत पाहिलं. गोंद ओघळलेला. फळ्या उलट्या. डोलकाठी तर पडायला आलेल्या दाढेसारखी हलत होती.

“यजमानांचा हात म्हणजे...” ते शब्द शोधू लागले.

“वाईट होता का?” तिचा चेहरा एकदम पडला.

“छे, छे! धाडसी होता.”

बू वेनिंग चक्क लाजली. नवऱ्याचं कौतुक ऐकून लाजली असेल, असं आफुकला वाटलं.

“तुम्ही दाखवा, मी करते,” ती म्हणाली. “त्यांचं काम दुसऱ्याच्या हातून नको.”

ती खाली उतरून गेल्यावर तेगार म्हणाला, “पण मग हा गृहस्थ शनिवारी जायचा कुठे?”

“इतका भोळा आहेस म्हणून तुझं लग्न जमत नाही,” आफुक म्हणाला. “दुसरं घर असणार.”

“तिला कळलं तर ती खचेल,” गुनादी म्हणाले. “कळता कामा नये. आजपासून आपल्याला दारमाजी आठवतो. तेगार, तुला पण.”

पुढच्या शनिवारी ती तळलेले गरम लुंपिया रोल घेऊन आली. आफुकने तिला दोऱ्याला मेण कसं चोळायचं आणि चिमट्याने गाठ कशी मारायची ते शिकवलं. तेगारने कोऱ्या शिडांना चहाचं पाणी लावून म्हातारं करायला शिकवलं. गुनादींनी स्वतःचं दात कोरायचं हत्यार दिलं, वाळलेला गोंद खरवडायला. ह्या हत्याराला ते कुणाला हात लावू देत नसत.

काम करता करता ती विचारायची, “ते इथे कसे असायचे? सांगा ना.”

“तिखट फार खायचे,” तेगार म्हणाला.

“शीळ घालायचे. बेसूर,” आफुक म्हणाला. “आणि तो देह! पंख्याचा वारा अडायचा.”

“देह? किडकिडीत तर होते,” तेगार म्हणाला.

“मधे बारीक झाले होते,” गुनादी घाईने म्हणाले.

ती सगळं कान देऊन ऐकायची. अधाशासारखी. कधी कधी हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि तिघे आणखी एखादी आठवण रचायचे.

हळूहळू वेगळंच होऊ लागलं. नवा रंग आला की तेगार म्हणे, “दारमाजींना नसता आवडला.” बू वेनिंग खोलीत नसतानाही म्हणे. आफुकने एकदा चुकून चहाचा एक पेला जास्त आणला आणि तो कुणी उचलला नाही. गुनादी घरी एकटे राहत. सकाळच्या कॉफीला त्यांना वाटे, ह्या माणसाशी बोलता आलं असतं. दुसरं घर असेल नाही तर तिसरं. त्याने ऐकून घेतलं असतं.

गलबत पुरं झालं. दोर ताठ, शिडं फुगलेली, डोलकाठी सरळ. आफुकने खुर्चीच्या पाठीवर पितळी पट्टी ठोकली: बू वेनिंग. ती पट्टीवरून बोट फिरवत बराच वेळ उभी राहिली.

“आता त्यांचा एक फोटो आणा,” गुनादी म्हणाले. “भिंतीवर हवाच.”

“फोटो?” ती थबकली. “बरं. आणते.”

पुढच्या वेळी तिने तळहाताएवढी फ्रेम आणली. करड्या केसांचा माणूस, पुलाच्या कठड्याला टेकून हसणारा. भिंगाखाली एक खिळा कमी असला तरी ओळखणाऱ्या त्या तिघांनी फोटो हातोहात फिरवला.

“तेच!” आफुक म्हणाला.

“अस्सेच हसायचे,” तेगार म्हणाला.

गुनादींनी फोटो भिंगाखाली धरला. आपल्या मित्राला ते पहिल्यांदाच बघत होते.

एवढ्या भिंतीवर फोटो अगदीच बारका दिसत होता. सोमवारी गुनादी मोठी फ्रेम आणायला बाजारात गेले. दुकानाच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत फ्रेमा टांगल्या होत्या. लाकडी, सोनेरी, प्लास्टिकच्या. लहान, मध्यम, मोठ्या. आणि प्रत्येक फ्रेममध्ये, पुलाच्या कठड्याला टेकून, दारमाजी हसत होते.

“सगळ्यांत मोठी द्या,” सगळ्या फ्रेमांवरून नजर फिरवून गुनादी म्हणाले.

“देतो. आतला फोटो काढून टाकू ना? नुसता नमुना असतो तो.”

“राहू दे,” गुनादी म्हणाले. “आमचा माणूस आहे.”