खरखर

बाबा निवृत्त वायरलेस ऑपरेटर. मी घरून काम करायला लागलो, नेटवर्कचा डबा बसवून खोलीभर त्याच्या वायरी ओढल्या, आणि भिंतीपलीकडे त्यांचा रेडिओ सकाळी नऊपासून खरखरायला लागला. “तुझ्या त्या डबड्याला आधी गप्प कर,” असं ते रोज ऐकवायचे आणि मी रोज कानाआड करायचो.

सोमवारी कंपनीने मला काढून टाकलं. घरात सांगायची हिंमत झाली नाही. नऊच्या ठोक्याला दार लावून मी बंद कॉम्प्युटरसमोर बसून राहायचो. नेटवर्कचा डबा चालू करायला काही कारणच उरलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी बायको डोकावली. “चार दिवस बाबांचा रेडिओ काय छान लागतोय! केलंस तरी काय?”

“वायरींना फेराइटच्या कड्या बसवल्या. खरखर अडवतात त्या,” मी ठोकून दिलं.

ती ताटं घ्यायला गेली आणि कड्या बघायला बाबा आत आले. गुडघा धरत टेबलाखाली वाकले, एकेक वायर बोटांनी चाचपली. एकीलाही कडी नव्हती. मग त्यांनी डब्याचा विझलेला दिवा बघितला, बंद कॉम्प्युटर बघितला, आणि माझ्याकडे बघितलं. माझी मान खाली गेली.

डब्याचं बटण त्यांनीच दाबलं आणि जाताना दार ओढून घेतलं.



भिंतीपलीकडून त्यांचा चढा आवाज आला, “सूनबाई, कसल्या कड्या नि कसलं काय! सुरू झाली बघ परत खरखर. त्याचं ताट झाकून ठेव, कामात आहे तो.”