कोपऱ्यातला वाफा

दिवस गेल्याचं कळलं तशी अनुपमानं बाहेरच्या खाण्याची पाकिटं बंदच करून टाकली. सकाळी नाचणीची आंबील, रात्री भाकरी आणि भाजी फक्त शेतकरी सर्जेरावांच्या टेम्पोतली. दर रविवारी ते तळेगाव ढमढेरेहून पुण्यात तिच्या सोसायटीत यायचे. "वहिनी, डोळे झाकून खावा. गावरान हाय," म्हणायचे.

सातव्या महिन्यात ती हौसेनं त्यांचं शेत बघायला गेली. काकडीचे वेल नुसते लगडले होते. तिनं एक कोवळी काकडी तोडली, ओढणीला पुसली आणि तोंडाशी नेली.

सर्जेरावांची बायको मुक्ताबाई बांधावरून धावत आली आणि तिनं ती हातातून हिसकावूनच घेतली.

"अवं, पोटुशी बाई तुम्ही! कालच औषध मारलंय त्याच्यावर. आम्ही न्हाई खात हितलं. आमचं घरचं खायाचं त्या कोपऱ्यातल्या वाफ्यात हाय. चला, तिथली देते."

अनुपमानं लगडलेल्या वेलांकडे बोट केलं. "मग... हे सगळं कुणासाठी?"

"हे व्हय?" हिसकावलेली काकडी पाटीत टाकत मुक्ताबाई म्हणाली, "हे तुमच्याच सोसायटीचं की. उद्या रविवार न्हाई का!"