खणखणीत छाती

हत्तीच्या साठमारीआधी डॉक्टरांनी मौलालीच्या छातीला नळी लावली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. प्रत्येक ठोक्यामागून फाटक्या भात्यासारखा फुसकारा येत होता. "काळजाची झडप नीट मिटत नाही. धावलास तर मरशील." मग त्यांनी त्याच्या धाकट्या भावाला, चमनला तपासलं. "याची छाती खणखणीत. हा पळेल खुशाल." मौलाली चिडला. "साब, साठमारी जोडीनं खेळत्यात. हत्ती एकाच्या अंगावर गेला की दुसऱ्यानं फडकं नाचवून त्याला वढायचा. माझ्या भावामागं आता कोण हाय?" डॉक्टरांनी यादीतून त्याचं नाव खोडलं आणि ते सज्जात जाऊन बसले. महाराजांचा मस्तावलेला हत्ती मैदानात सुटला. चमननं त्याला भाल्यानं डिवचलं, आडोशाच्या बुरुजाकडं धूम ठोकली आणि वाटेतच घसरून पडला. मौलालीच्या जागी उतरलेला नवा गडी भिऊन बुरुजातच थिजला. हत्तीनं चमनला सोंडेनं उचलून भिंतीवर आपटलं आणि त्याच्या छातीवर गुडघा रोवला. मौलालीनं तटावरून उडी टाकली. डोईचा पटका नाचवत, शिव्या हासडत त्यानं हत्तीला आपल्यामागं मैदानभर पळवलं. माहुतांनी साखळदंड आवळले, तेव्हा मौलाली भावापाशी येऊन कोसळला. डॉक्टर धावत आले आणि त्यांनी नळी त्याच्याच छातीकडं नेली. मौलालीनं त्यांचं मनगट धरलं, नळीचं तोंड चमनच्या चेचलेल्या छातीवर दाबलं. "माझं वाजतंय अजून. तुमची खणखणीत छाती ऐका की!" डॉक्टरांनी ऐकलं. फुसकारा नव्हता. ठोकाही नव्हता.