मापाची वही

मोठ्या बाईंनी आपला फोन टेबलावरून पुढे सरकवला. "टेलरबाई, ओळखता हे पान?"

न ओळखायला काय झालं? एकरेघी वही, कोपऱ्यात इस्त्रीचा डाग. छाती, कंबर, उंची. आणि सगळ्यात वर, ठसठशीत अक्षरात: पिंप.

फोटोखाली मुलांना ऊत आला होता; माप कुणाचं, ते त्यांनी ओळखलंच होतं. कुणी खरंच पिंपाचं चित्र डकवलं होतं, कुणी कंबरेच्या आकड्यावर गणित घातलं होतं. एवढ्यासाठी नवा ग्रुप काढला होता. नाव 'मापात पाप'.

"बेकरीवाल्यांची मुलगी आठ दिवस शाळेत आलेली नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "खोलीचं दार उघडत नाही. ग्रुप मी बंद करवलाय, पोरांच्या पालकांनाही बोलावलंय. पण पान मुळात बाहेर गेलं कसं? तुमच्या हलगर्जीपणाने गेलं असेल, तर गणवेशाचं काम तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

टेलरबाईंनी, म्हणजे आईने, फोन जवळ ओढला. तिला नावं कधी लक्षात राहत नसत, अंगं राहत. म्हणून गिऱ्हाईक पायरी उतरलं की ती हळूच सांगायची, "वर लिही, बगळा." "लिही, वाकडा खांदा." टेप तिच्या हातात, पेन्सिल लेकीच्या. दोघी हसायच्या. दुकानातली गंमत, दुकानातच राहायची.

वहीला हात लावणाऱ्या दोघीच. एक ती स्वतः. दुसरी शेजारच्या खुर्चीत बुटाच्या नाडीकडे बघत बसली होती, त्याच वर्गातली.

आता एकेक आठवायला लागलं. कटिंग मास्तरांचे गुडघे गेल्यापासून ते घरीच कापड बेतायचे, आणि आई त्यांना वहीच्या पानांचे फोटो पाठवायची. नवा फोन आल्यावर हे ती आपली आपण शिकली होती आणि त्याचा तिला कोण अभिमान. पण गेले आठ दिवस लेक फोन हातातून ओढून घेत होती. "मास्तरांना मी पाठवते. तू नको टाकूस." कामात एवढा रस कधीपासून, असं आईला तेव्हाच वाटायला हवं होतं.

"तू?" आईने विचारलं.

लेकीने आधी आईकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. "आईचं काम काढू नका. मीच टाकलं."

बेकरीच्या माडीवर बेकरीवाल्यांनी राहती जागा केली होती. बेकरीवालीने मायलेकींना बसा म्हटलं नाही. लेक बंद दारापाशी जाऊन उभी राहिली.

"ते आमच्या घरातून गेलं," ती दाराला म्हणाली. "चूक आमची आहे. तू ये. मी तुझ्याच बाकावर बसेन. कुणी बोललं तर आधी मला बोलेल."



"आणि नाव गं?" बेकरीवालीने विचारलं. "पिंप. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

आईने तोंड उघडलं.

"माझ्या," लेक म्हणाली.

आईने तोंड मिटलं. तेवढ्यात आतून कडी वाजली आणि दार बोटभर उघडलं.

परतताना आई चार पावलं पुढे चालत होती. "अशी कशी निपजलीस?"

"चुकून झालं गं."

"असं चुकून होतं?"

"होतं कधी कधी."

"आजपासून माझ्या फोनला हात लावायचा नाही."

"आई, मापं तेवढी मी पाठवते. निदान मला दाखव आधी..."

"तुझं पाठवणं सगळ्या शाळेने बघितलं," आई म्हणाली. घरी पोचल्यावर लेक वह्या-पुस्तकं घेऊन आत गेली.

आई दुकानात एकटीच बसली. लेकीवर राग होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. नावं आपण ठेवली, तिने ती वेशीला टांगली, एवढाच काय तो फरक. आणि विचारणारी समोर उभी असताना आपण मूग गिळून बसलो. तिने खोडरबर घेतलं. बगळा खोडला. वाकडा खांदा खोडला. रबर काळं झालं तरी खोडतच राहिली. उद्या बेकरीत जाऊन सांगायचं, नाव माझं होतं. लाटण्याचा मार पडला तरी खायचा.

त्या मुलीचा गणवेश अजून तसाच रखडला होता. तो तरी चांगला शिवायचा. आईने नवीन पान घेतलं, आकडे पुन्हा नीट उतरवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा वर मुलीचं नाव लिहिलं. आडनावासकट, शाळेच्या हजेरीपटात असतं तसं. तिला जरा हलकं वाटलं. फोटो काढला. यादी आली, त्यातल्या सगळ्यात वरच्या गोलावर नेहमीसारखं बोट ठेवलं आणि पाठवून दिला.

तासाभराने मास्तरांचा फोन आला.

"टेलरबाई, पान बघितलं. घेतो बेतायला. पण तुम्ही परत ते सगळ्यांना दिसतं तिथे, स्टेटसवर टाकलंत. माझ्या सुनेच्या फोनवरही आलंय. मी आधी म्हणायचो, असेल तुमची पद्धत, तिथूनच उतरवून घ्यायचो. ते पिंपाचं पान तुम्ही असंच टाकलंत, तेव्हा पोरगी रडत आली होती माझ्याकडे. म्हणाली, काका, आईला सांगू नका, यापुढे मी पाठवत जाईन. म्हणून मी बोललो नाही. पण आजचं पान नावासकट आहे हो."