कोर्टाला दाखवायची सीडी

“याला सीडीचं तोंडच नाय गो,” कमळाकर लॅपटॉप उलटासुलटा करत म्हणाला. “आजकालच्या लॅपटॉपला कुठं असतंय!”

सोनीचा चेहरा पडला. सोमवारी तारीख होती.

कमळाकरचा पेणला फोटो स्टुडिओ. लग्नाच्या शूटिंगमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही. आणि वाडीवरची सोनी त्याच्याकडे आली होती नवऱ्याचं मरण घेऊन. दिराच्या, गोरखच्या, मोबाईलमध्ये होतं ते. कोलाडजवळ एका शेडच्या पत्र्यावरनं तिचा नवरा कृष्णा पडला आणि जागीच गेला. कंत्राटदाराने सरळ हात झटकले. म्हणे, त्याने आपणहून कमरेचा सेफ्टीचा पट्टा सोडला, आपणहून वर चढला, आम्ही काय करणार! आता मेलेला माणूस थोडाच उठून सांगणार? आणि गोरख पडला सख्खा भाऊ, त्याच्या शब्दाला कोण विचारतो!

पण गोरखने त्या वेळी गंमत म्हणून शूटिंग केलं होतं. त्यात मुकादम कुठे दिसत नव्हता, आवाज मात्र खणखणीत होता. “टाक तो पट्टा तिकडं! किती वेळ लावतोस? चढ, नायतर घरी जा!” वर दोन कचकचीत शिव्या. वकील रोहिणीताईंनी ते एकदा ऐकलं आणि सोनीला बजावलं, “हे सीडीवर घालून आण. सगळी केस यावर उभी आहे.”

सोनीने कमळाकरला एवढंच सांगितलं, “भाऊ, कोर्टाला दाखवायची हाय.” आणि मोबाईल पुढे केला.

कमळाकर म्हणजे देवमाणूस, खोटं कशाला बोला! त्याने लगेच रोह्याच्या दोस्ताला, हर्षदला फोन लावला. “बाहेरनं जोडायचा सीडी रायटर हाय ना रे तुझ्याकडं? आलोच.” गोरखचा मोबाईल ठेवून घेतला, शटर ओढलं आणि भर उन्हात मोटरसायकलवर रोह्याला निघाला. कोण करतं हो एवढं परक्यासाठी? रायटरची वायर ढिली होती, सारखी सुटायची. सीड्या वाया गेल्या, तरी गडी चिकटून बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने सोनीच्या हातात मोबाईल आणि सीडी ठेवली. सीडीच्या कव्हरवर कृष्णाचा फोटोही छापला होता. “पैशाचं नाव काढू नको,” तो म्हणाला. सोनी तिथेच रडली.

सोमवारी सकाळी रोहिणीताईंनी आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली. कोर्टात जायच्या आधी एकदा बघून घ्यावी म्हणून.

स्क्रीन काळी झाली. दोन समया पेटल्या. ‘कै. कृष्णा’ अशी सोनेरी अक्षरं फिरत फिरत आली. भोवती झेंडूच्या माळांची चौकट आली, बासरी सुरू झाली आणि मग कृष्णा दिसला. ताईंनी आवाज वाढवला. बासरीच वाढली.

त्यांनी फोन लावला. “कमळाकर, यातला आवाज कुठाय?”

“काढला ना, ताई! मेलेल्या माणसाला शिव्या कशाला ऐकवायच्या? लग्नातसुद्धा मी जनरेटर, बायांचा गलका, काय म्हणजे काय ठेवत नाय. जजसायबांना पाझर फुटला पायजे!”

“आणि मूळचं शूटिंग?”

“मोबाईल गच्च भरलेला, तो साफ करून दिला. लॅपटॉपवर होतं, पण ते पुसून त्याच्यावर मग दोन लग्नं भरली. का ओ? सीडी चालत नाय का?”

ताईंनी फोन ठेवला. बाजूला सोनी स्क्रीनला हात जोडून बसली होती. “भावानं किती छान केलंय,” ती डोळे पुसत म्हणाली.

स्क्रीनवर कृष्णा हसला. त्याने आपल्या हाताने पट्टा सोडला, बाजूला ठेवला आणि कोणी काही न बोलता शिडी चढू लागला. कंत्राटदार सांगत होता, अगदी तस्संच.