पंपाचा प्रश्न

टेकडीवरच्या पाण्याच्या पंपावर बाप राखणीला आणि लेक दूर, पाणीखात्याच्या मोठ्या ऑफिसात. रोज सकाळी ती तिथूनच पंपाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची. पडद्यावर प्रश्न यायचा, 'सुरू करू?' तिने 'हो' लिहिलं की गावाला पाणी. फोन करायला तिला सवड नसायची; बापाच्या वाट्याला तेवढाच 'हो'.

म्हातारा बिलंदर. एके दिवशी त्याने प्रश्नच बदलला. 'वेळेवर जेवतेस ना?' 'हो.' दुसऱ्या दिवशी, 'बरी आहेस ना?' 'हो.' स्वारी खूश. मग धीर करून त्याने लिहिलं, 'घरी कधी येशील?'

'हो.'

त्याने फोन लावला. "पोरी, उत्तर चुकलं तुझं."

"कसलं उत्तर, बाबा? रोज तेच काय लिहायचं, म्हणून ते काम मी कधीच माझ्या इथल्या कॉम्प्युटरला शिकवलंय. तोच हो म्हणतो." मग तिनेच विचारलं, "प्रश्न काय होता?"

"वाच की सवडीने."

दुसऱ्या सकाळी उत्तर यायला फार वेळ लागला. मग एकेक अक्षर उमटलं, 'रविवारी.'

पंपाला 'हो'शिवाय काही कळत नव्हतं आणि म्हातारा पडद्यासमोरून हलायला तयार नव्हता. खोटं वाटत असेल तर गावकऱ्यांना विचारा. दुपारपर्यंत नळ कोरडे होते.