गोठ्यावरची पाटी

शेजारच्या गिरीराजनं चामराजपेटेत भर गल्लीत माझ्याशी पैज लावली. तो पलीकडच्या साहेबी क्लबाचा दरवान. पायात चपला बघून त्यानं मला दोनदा गेटावरनं परत धाडलेलं. छत गळतंय, दुरुस्तीला पैसा हवा म्हणून क्लबानं भोवतालची जागा बिल्डरला विकली, तेव्हापासून तर त्याचा रुबाब विचारू नका.

"अण्णा, आता क्लबाचा राजवाडा होणार. तुमची चप्पल जन्मात आत यायची नाही!"

"सरी, बरं. पण तुझा प्रेसिडेंट माझ्या दारात बूट काढणार. काढले, तर माझ्या चपला डोक्यावर घेऊन तू क्लबापर्यंत जायचं."

अख्खी गल्ली हसली. विकलेल्या जागेत गाड्या लावायचं मैदानही गेलंय, हे मी एकट्यानंच बघितलेलं.

क्लब झकास झाला. उद्घाटनादिवशी मात्र गाडी लावायला इंचभर जागा नाही. शेवटी प्रेसिडेंटसाहेबांची कॉन्टेसा माझ्या गोठ्यापुढं थांबली.

"स्वल्प जागा मिळेल का?"

"या की! फक्त पाटी वाचा."

पाटीवर लिहिलेलं, 'आत गाय आहे. बूट बाहेर काढावेत.'

साहेब दारात बूट काढून, गाडी आत लावून अनवाणी बाहेर आले. पाय शेणानं बरबटलेले, म्हणून बूट हातातच.

मग गल्लीतनं वरात निघाली. पुढं साहेबांना न्यायला आलेला गिरीराज, पैजेप्रमाणं डोक्यावर माझ्या चपला. मागं अनवाणी प्रेसिडेंट. गेटाची कडी आतनं, म्हणून साहेबांसाठी ते उघडायला गिरीराजला आधी आत जावंच लागलं.



नव्या क्लबात सगळ्यात आधी शिरल्या त्या माझ्या चपला.